सायलसचा खांब

"वहिनी, आज पाणी नाही आणलं," अँब्रोज बंद दाराला म्हणाला. "दुसरंच काम आहे."

त्याच्या खांद्यावर जाड पिवळ्या वायरचं भेंडोळं होतं. थंडीने ती वायर इतकी ताठरली होती, की सायकलची रिंग खांद्यात अडकवून आल्यासारखा तो दिसत होता. संध्याकाळचे पाच वाजले होते आणि अंधार पडून तास होऊन गेला होता. उणे एकेचाळीस. मिशांवर श्वास गोठून पांढरा झाला होता.

दार चार बोटं उघडलं. फटीत बर्निसचा अर्धा चेहरा दिसला.

दार पुन्हा लागेल या धास्तीने तो घाईघाईने बोलू लागला. "गॅरेज जळाल्यापासून टँकर शाळेच्या भिंतीशी लावत होतो. तिथली वायर पातळ. काल रात्री फ्यूज उडाला, हीटर बंद पडला आणि सकाळी इंजिनाचा दगड झालेला. लोकांना दुपारी दोनला पाणी मिळालं. म्हणून म्हटलं, तुमच्या अंगणातल्या खांबावरचं सॉकेट… तुमची हरकत नसेल तर. गॅरेजचं काम होईपर्यंत."

बर्निस त्याच्याकडे बघत नव्हती. ती वायरकडे बघत होती.

"अहो-जाहो कधीपासून करायला लागलास?" ती म्हणाली. मग जरा थांबून, "पेटीचं झाकण गोठलं असेल. हातोडी मारू नकोस, तुटेल. फावडं मागच्या बाजूला आहे."

दार लागलं. अँब्रोज तिथेच उभा राहिला. अकरा वर्षांनी ती त्याच्याशी बोलली होती आणि काय, तर फावडं कुठे आहे ते.

अँब्रोज लिंकलेटर एकोणसाठ वर्षांचा होता आणि ऑटर पोर्टेजमध्ये पाण्याचा टँकर चालवत होता. गावातल्या निम्म्या घरांना नळ होते. उरलेल्या त्रेचाळीस घरांच्या टाक्या तो आठवड्यातून दोनदा भरायचा. कुणाच्या घरी पाहुणे आलेत, कुणाकडे बाळ जन्मलंय, कुणाचा नवरा घर सोडून गेलाय, हे त्याला टाकीतल्या पाण्यावरून समजायचं. बर्निसची टाकी कायम अर्धी भरलेली असायची. इतकं कमी पाणी वापरणारं दुसरं घर गावात नव्हतं. तो यायचा, पाइप जोडायचा, उभ्याउभ्या टाकी भरायचा आणि निघून जायचा. खिडकीचा पडदा कधी हलला नाही, आणि त्यानेही कधी दार वाजवलं नाही. सायलस, म्हणजे त्याचा थोरला भाऊ, तिचा नवरा, गेल्यापासून हे असं चालू होतं.

डिसेंबरच्या सुरुवातीला गावाचं गॅरेज जळालं आणि दोनपैकी एक टँकर त्यातच गेला. उरलेला उघड्यावर आला. डिझेलचं इंजिन असल्या थंडीत रात्रभर तसंच ठेवलं तर सकाळी तेल डांबरासारखं होतं. किल्ली फिरवली की बॅटरी एकदा कण्हते आणि गप्प बसते. इंजिनाच्या पोटात बसवलेल्या हीटरला रात्रभर वीज मिळाली तरच सकाळी निभावतं. पण गावात सगळी घरं विजेवरच तापायची, त्यामुळे जिकडे हा हीटर लावावा तिकडे फ्यूज उडायचा. खुद्द अँब्रोजच्या घरी टोस्टर आणि हीटर एकत्र लावायची सोय नव्हती.

"जाड वायरचं सॉकेट गावात आहेच कुठे?" कचेरीतल्या गॉर्डीने त्या दुपारी विचारलं होतं. सडक, पाणी, कचरा सगळं त्याच्याकडे होतं. विचारून झाल्यावर तो नखं बघत बसला. उत्तर त्याला माहीत होतं आणि अँब्रोजलाही. सायलसने स्वतःच्या लाकूड वाहणाऱ्या ट्रकसाठी अंगणात खांब पुरला होता आणि घरातून जमिनीखालून स्वतंत्र वायर ओढली होती. तो ट्रक सायलससकट सरोवराखाली गेला. खांब राहिला.

अँब्रोजने फावड्याने खांबाभोवतीचा बर्फ काढला. पेटीच्या झाकणावर हातमोजा ठेवून तो बराच वेळ उभा राहिला, तेव्हा कुठे झाकण सुटलं. आतलं सॉकेट स्वच्छ होतं. वीज असेल का? अकरा वर्षं रिकाम्या खांबाला कोण वीज देऊन ठेवतं? त्याने टँकरच्या जाळीतून लोंबणारं हीटरचं टोक वायरला जोडलं, वायर खांबाला जोडली आणि बॉनेटखाली कान नेला. थोड्या वेळाने चुलीवरची किटली गाऊ लागण्याआधी करते तसला बारीक आवाज आला. वीज होती. कुणीतरी ती अकरा वर्षं चालू ठेवली होती.

टँकरच्या तोंडावर जुनी रजई बांधून तो चालत घरी गेला. सकाळी सातला परत आला, तर इंजिन पहिल्या फटक्याला सुरू झालं.

दुसऱ्या संध्याकाळी खांबाभोवतीचा बर्फ आधीच झाडून ठेवलेला होता. वायर टांगायला एक खिळाही ठोकला होता. तिसऱ्या सकाळी तो इंजिन गरम होण्याची वाट बघत असताना वरची खिडकी उघडली.

"तुझा टँकर सकाळी म्हाताऱ्यासारखा खोकतो."

"वय झालंय त्याचं, वहिनी."

"तुझंही झालंय. टोपी नीट घाल. कान गळून पडला तर शोधायला मी येणार नाही."

खिडकी बंद झाली. अँब्रोजने टोपी ओढली आणि पहिल्या तीन घरांपर्यंत तो एकटाच हसत होता. पूर्वी ती अशीच बोलायची. दीर-भावजयीची थट्टा हा गावाचा रिवाजच, पण बर्निसची जीभ सगळ्यांत तिखट होती. रविवारी जेवायला बोलवायची आणि ताट वाढतावाढता त्याची अब्रू काढायची, आणि सायलस पोट धरून हसायचा.

त्या रविवारांचा शेवट एका भोकाने झाला होता. की दोन भोकांनी.

तेव्हा गोठलेल्या सरोवरावरच्या हिवाळी रस्त्याची मोजणी अँब्रोजकडे होती. गिरमिटाने बर्फाला भोक पाडायचं, जाडी मोजायची आणि किती वजन जाईल ते सांगायचं. मार्चचा शेवट होता. दोन दिवसांनी रस्ता बंद व्हायचा होता. सायलसला पलीकडच्या काठावरून एक शेवटची खेप आणायची होती. "एक खेप जाईल," अँब्रोज म्हणाला होता. "पण सकाळी दहाच्या आत परत ये." सायलस दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला परत येत होता, तेव्हा दोन बेटांमधल्या चिंचोळ्या जागी, जिथे खालून प्रवाह वाहतो, तिथे बर्फ फाटला. अंत्यविधीला बर्निसने अँब्रोजकडे एकदाही बघितलं नाही. गावात त्याला कुणी काही म्हटलं नाही. पण त्याने गिरमिट कचेरीत नेऊन दिलं आणि पुन्हा बर्फ मोजला नाही.

चौथ्या दिवशी पारा उणे सत्तेचाळीसवर गेला. पहाटे गावाची वीज दीड तास गेली होती. अँब्रोज आला तेव्हा हीटर पुन्हा चालू झाला होता, पण इंजिनाला हात लावला तर ते जेमतेम कोमट होतं. आत्ता किल्ली फिरवली तर बॅटरीही जायची. तासभर तरी थांबायला हवं होतं. तो पाय आपटत अंगणात फिरू लागला.

दार उघडलं. "तिथे मरून पडलास तर टँकर कोण चालवणार? ये आत."

स्वयंपाकघर होतं तसंच होतं. बर्निसने पुढ्यात चहा ठेवला, डब्यातलं दूध ठेवलं, तव्यावरच्या गरम बॅनकचा, जाड रोटीचा, तुकडा मोडून दिला. न्हाणीघराचं दार उघडं होतं. आत दोरीवर कपडे वाळत होते आणि खाली पत्र्याचं मोठं घमेलं आणि घासणीची फळी होती.

"मशीन बिघडलंय का?" अँब्रोजने विचारलं. काहीतरी बोलायचं म्हणून.

"मशीन नाहीच माझ्याकडे."

"या वयात हाताने धुतेस?"

बर्निस त्याच्या समोर बसली. तिचे हात टेबलावर होते, लाल आणि सुजलेले.

"त्या दिवशी तो मशीन आणायलाच गेला होता," ती म्हणाली.

अँब्रोजला हे ठाऊक नव्हतं. ट्रकमध्ये काय होतं ते कुणी पाहिलं नव्हतं. ट्रक वर काढलाच गेला नाही.

"सकाळी उशिरा उठला," बर्निस सांगू लागली. तिचा आवाज सपाट होता, जणू ती हे रोज कुणाला तरी सांगत असावी. "अकरा वाजले होते. म्हणाला, आता नको, अँब्रोजने दहाच्या आत सांगितलंय, पुढच्या हिवाळ्यात आणू. मी म्हटलं, म्हणजे अजून वर्षभर मी घमेल्यात हात घालत बसू? तो हसला. मग मी म्हटलं, अँब्रोजला विचारल्याशिवाय तू श्वास तरी घेतोस का? लग्न माझ्याशी केलंस की त्याच्याशी? झालं. किल्ली उचलली आणि गेला."

अँब्रोजने हातातला बॅनकचा तुकडा खाली ठेवला.

"तू सांगितलंस म्हणून नाही गेला तो. तुझं मोडून गेला. मी पाठवला."

"मग माझ्याशी बोलायची का थांबलीस?"

"तुझ्याकडे बघितलं असतं तर तोंडातून निघून गेलं असतं. म्हणून नाही बघितलं. एक वर्ष गेलं. मग दोन गेली. मग सांगायचं तरी कसं?"

चहावर साय धरली होती. अँब्रोज ती बघत राहिला. अकरा वर्षं दर आठवड्याला दोनदा तो या घराच्या टाकीशी उभा राहिला होता, मान खाली घालून, खुन्यासारखा. आणि ही पडद्याआड बसून होती.

"एकदा तरी सांगायला हवं होतंस, वहिनी."

"हो," बर्निस म्हणाली.

पुढे ती काही बोलली नाही, सबब नाही, रडणंही नाही. ती एक शब्द बोलून थांबली याचाच त्याला जास्त राग आला. तो उठला, कोटाची चेन न लावताच बाहेर पडला, वायर हिसडून काढली आणि इंजिन सुरू होतंय की नाही याचा विचार न करता किल्ली फिरवली. इंजिन कण्हलं, अडखळलं आणि धूर ओकत सुरू झालं.

त्या दिवशी त्याचं कामात लक्ष नव्हतं. म्हाताऱ्या बिगेटीच्या घरी पाइप लावून तो उभा राहिला तो उभाच. टाकी भरून पाणी बाहेर आलं, पायऱ्यांवरून वाहिलं आणि बघताबघता काचेसारखं गोठलं.

म्हातारा दारात आला. "अँब्रोज, मला घसरगुंडी हवीय असं कुणी सांगितलं रे तुला? त्र्याऐंशी वर्षांचा आहे मी."

"काढतो, काढतो."

"सावकाश काढ. एरवी तरी मी कुठे जातोय?"

अँब्रोज पहारीने पायऱ्यांवरचा बर्फ फोडू लागला. फोडताफोडता राग उतरत गेला आणि त्याच्या जागी दुसरंच काहीतरी वर आलं. बर्फाच्या चकत्या पहारीखाली तडकत होत्या आणि त्याला गिरमिट आठवत होतं. चिंचोळ्या जागी पाच भोकं पाडायची असतात, काठापासून काठापर्यंत. त्या दिवशी वारा होता, बोटं बधिर झाली होती आणि संध्याकाळ होत आली होती. त्याने दोन पाडली. दोन्हीकडे जाडी चांगली भरली. वहीत त्याने पाच आकडे लिहिले. हे जगात एकट्या त्याला माहीत होतं. वहिनीने एकदा तरी सांगायला हवं होतं, असं तो तिला म्हणून आला होता.

म्हातारा दारातूनच म्हणाला, "पायरी पण फोडतोस की काय?"

अँब्रोजने पहार थांबवली.

त्या संध्याकाळी त्याने टँकर दुसरीकडे न्यायचा विचार करून पाहिला. जागाच नव्हती. रात्रभर इंजिन चालू ठेवावं, तर हिवाळी रस्ता उघडेपर्यंत गावातलं डिझेल पुरवून वापरायचं होतं. माणसाला राग येवो नाहीतर लाज वाटो, इंजिनाला वीज लागतेच. तो बर्निसच्या अंगणात आला. खांबाभोवती झाडलेलं होतं. त्याने वायर जोडली, रजई बांधली आणि दार न वाजवता निघून गेला. खिडकीत दिवा होता.

पाचव्या सकाळी इंजिन सुरू झालं तेव्हा बर्निस अंगणात उभी होती. अंगावर सायलसचा जुना कोट, हातात खांबावरून काढलेली वायर. तिने ती नीट गुंडाळून त्याच्या हातात दिली आणि वळली.

"वहिनी!"

ती थांबली. अँब्रोज टँकरच्या दारात एक पाय वर, एक खाली असा उभा होता.

"दोनच पाडली होती!" तो ओरडला.

"काय?"

"दोनच! पाच पाडायला हवी होती!"

"काय पाच? ऐकू येत नाहीये!" तिने इंजिनाकडे बोट केलं.

असल्या थंडीत सुरू झालेलं इंजिन कुणी शहाणा बंद करत नाही. पुन्हा सुरू होईलच याची खात्री कुणी द्यावी? अँब्रोजने आत हात घातला आणि किल्ली फिरवली.

इतकी शांतता झाली की स्वतःचा श्वास गोठताना ऐकू येत होता.

"भोकं," तो म्हणाला. आता ओरडायची गरज नव्हती. "चिंचोळ्या जागी पाच पाडायची असतात. मी दोन पाडली आणि पाच लिहिली. हात गारठले होते."

बर्निसच्या पापण्यांवर वाफ गोठून पांढरी झाली होती.

"सायलसला सांगितलं होतंस?"

"नाही."

"कुणालाच नाही?"

"कुणालाच नाही."

तिने त्याच्याकडे बघितलं. सरळ, डोळ्यांत. अंत्यविधीला जसं बघायचं राहिलं होतं तसं. त्या बघण्यात माफी होती असं अँब्रोजला वाटलं नाही. रागही होता की नाही ते त्याला कळेना. मग ती म्हणाली, "लाव ती वायर परत. आत ये. या काय अंगणात उभं राहून बोलायच्या गोष्टी आहेत?"

"त्रेचाळीस घरं थांबलीत, वहिनी."

"थांबतील."

त्याने वायर पुन्हा जोडली. आत जाऊन दोघं टेबलाशी बसली. बर्निसने चहा ओतला, पण बराच वेळ कुणी कप उचलला नाही. अँब्रोजने भोकांचं सगळं पुन्हा सांगितलं, सुरुवातीपासून, कुठे उभा होतो, किती वाजले होते, वही कुठल्या खिशात होती. तिने मध्ये एकदाही थांबवलं नाही. मग तिने मशीनचं पुन्हा सांगितलं. त्यात कालच्यापेक्षा नवं एवढंच होतं की जाताना सायलस दारातून परत फिरला होता आणि त्याने विचारलं होतं, "पांढरं आणू की हिरवं?" तिने उत्तर दिलं नव्हतं.

बाहेर उजाडू लागलं होतं. गॉर्डीची गाडी फाटकाशी येऊन थांबली. टँकर का निघाला नाही ते बघायला तो आला असणार. उतरून तो टँकरपर्यंत आला, त्याने बॉनेटवर हात ठेवून बघितला, मग खिडकीकडे पाहिलं. काचेवरच्या बर्फाच्या नक्षीतून त्याला टेबलाशी बसलेली दोघं दिसली असावीत. तो जागच्या जागी थबकला. हॉर्न न वाजवता, दार न ठोठावता तो परत गाडीत बसला आणि गाडी हळूच मागे घेऊन निघून गेला.

फळीवरचा रेडिओ बारीक आवाजात चालू होता. गावाच्या केंद्रावरची बाई वाढदिवस आणि हरवलेल्या कुत्र्यांबद्दल सांगत होती. दहा मिनिटांनी ती मध्येच थांबली, कागद फडफडल्याचा आवाज आला, आणि ती म्हणाली, "गॉर्डीचा निरोप आहे. पाण्याचा टँकर आज उशिरा येईल. बिघाड काही झालेला नाही. कुणी फोन करू नये, आणि तिकडे बघायलाही कुणी जाऊ नये."

अँब्रोजने मान खाली घातली. बर्निसच्या ओठाचा एक कोपरा किंचित हलला.

तिने हात लांब करून रेडिओ बंद केला.

"आदल्या दिवशी तो बर्फावर तुला भेटायला आला होता ना?" तिने विचारलं. "काय काय बोलला ते सांग. सगळं सांग. मी ते कधी ऐकलंच नाही."

अँब्रोजने गार झालेल्या चहाचा एक घोट घेतला.

"आल्या आल्या तुझीच कागाळी केली," तो म्हणाला.

बर्निसने खुर्ची पुढे ओढली.